घरभेटीचे अकरा प्रश्न

३ नोव्हेंबर, सोमवार, वडूज

निवृत्त होऊन पाच महिने झाले आणि आज पहिल्यांदा कुणीतरी मला कामाचं काही विचारलं. पुण्याच्या खो-खो संघाचे व्यवस्थापक उदयसिंह साहेब यांचा फोन आला होता. डिसेंबरात लीगचा ड्राफ्ट आहे. देशभरातल्या कॉलेजच्या पोरांची एक यादी होते आणि सगळे संघ पाळीपाळीने तिच्यातून आपापला खेळाडू उचलतात. यादीत नाव नसलेला पोरगा वाऱ्यासारखा पळत असला तरी त्याला कुणी हात लावत नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून सात नावं मी द्यायची आहेत. मुदत पंचवीस नोव्हेंबर, संध्याकाळी सहा.

एकतीस वर्षं पीटी शिकवली. पोरगा मैदानात उतरून तळहाताला माती कशी चोळतो, यावरून तो किती टिकेल हे मी सांगतो. ही नजर घरात बसून गंजत चालली आहे, असं मी सुलाला रोज ऐकवायचो. बातमी ऐकून ती म्हणाली, "बरं झालं. घरात शिट्टी वाजवायची तरी थांबंल."

अट एकच, सगळं गुप्त ठेवायचं. दुसऱ्या संघांचीही माणसं फिरत आहेत, त्यामुळे संघाचं नाव आणि आपण कशासाठी आलो हे कुणाला सांगायचं नाही. शिवाय प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन अकरा प्रश्नांचा फॉर्म भरायचा आहे. उंची, झोप, राग, व्यसन, जुनी दुखापत, घरचं वळण, घर सोडून लांब राहील का, असे प्रश्न आहेत. गुप्तता माझ्या रक्तातच आहे. दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर मी कुठे ठेवायचो हे मुख्याध्यापकांनाही शेवटपर्यंत कळलं नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार, आष्टा

कॉलेजांचे सामने. मी टोपी डोळ्यांवर ओढून कडेला बसलो होतो. दोन पोरं नजरेत भरली.

पहिला वीरधवल. उंचापुरा, देखणा, खांबावरून सूर मारतो तेव्हा टाळ्या पडतात. दोष इतकाच की सूर मारून उठल्यावर तो आधी मुली बसल्या होत्या तिकडे बघतो आणि मग गडी बाद झाला का ते बघतो.

दुसरा सूरज. दिसायला काहीच नाही. बारका, सावळा, बनियन खांद्यावर उसवलेलं. पण दोन मिनिटं बावन्न सेकंद नाबाद राहिला! मी गळ्यातलं घड्याळ दोनदा तपासलं. आपल्या मागे कोण धावतोय हे तो बघतच नाही. मधल्या पाटीवर बसलेल्यांचे खांदे बघतो आणि पुढचा खो कुणाला मिळणार हे त्या खांद्यांवरून ओळखतो. ही गोष्ट शिकवून येत नाही, मी एकतीस वर्षं शिकवून पाहिली आहे. मला अक्षरशः गहिवरून आलं.

सूरजचे प्रशिक्षक शंभूराज सर शेजारी येऊन बसले. ते आपणहूनच म्हणाले, "शेवटचं वरीस हाय त्याचं, सर. औंदा कुणी उचललं तर उचललं. पुढल्या साली वयात बसत न्हाई." पोरगा आटपाडीच्या पूर्वेकडचा, मेंढरांमागे फिरलेल्या घरातला. चौकशी करता आमच्याच पै-पाहुण्यांतला निघाला. मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

नंतर स्टँडजवळच्या हॉटेलात चहा घेताना मालकाला सहज विचारलं की वीरधवल आणि सूरज ही पोरं कशी आहेत, काही व्यसन वगैरे आहे का, घरची माणसं कशी आहेत. मालक डोळा मिचकावून म्हणाला, "समजलं, सर. कुणाला बोलत न्हाई." माणूस समजूतदार वाटला.

९ नोव्हेंबर, रविवार

सुला म्हणाली, मीही येते, बाई बरोबर असली की घरात आतपर्यंत जाता येतं. मुद्दा बिनतोड होता. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, माझ्या कामात तिने पहिल्यांदाच रस घेतला. मला बरं वाटलं.

वीरधवलचे वडील नाथाजी. आष्ट्याबाहेर आठ एकर ऊस, नवा ट्रॅक्टर, दारात संगमरवर. आम्ही येणार हे त्यांना कसं कळलं कोण जाणे, पण कांदेपोहे तयार होते. वीरधवल इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून समोर बसला आणि मी विचारेपर्यंत बोलला नाही. फार शिस्तीचा मुलगा. उंची विचारली तर बापाने सहा फूट सांगितली. मी उभा करून मापली, पाच दहा भरली. नाथाजींनी मला गोठा, बोअर आणि न्हाणीघरातल्या फरशा दाखवल्या. मग सातबाराही काढून आणला. खो-खोला सातबारा कशाला लागतो हे मला कळलं नाही, पण रहिवासाचा पुरावा म्हणून नोंद करून घेतली.

निघताना त्यांनी माझा हात धरला. "ज्यांनी पाठवलंय त्यांना सांगा, सर. आमची काय सुदीक अपेक्षा न्हाई. नारळ दिला तरी चालंल." म्हणजे संघाची कुणकुण त्यांना लागलीच होती. पण मानधनाबद्दल एक अक्षर काढलं नाही. पैशामागे न लागणारी अशी माणसं आता राहिली नाहीत. मला टॉवेल-टोपी आणि सुलाला ब्लाउजपीस दिला. शिक्षकाची अजून कदर आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

खंडाळा, मग कराडच्या बाजूला दोन घरं. सगळीकडे कांदेपोहे. आता पोह्यांचा वास आला तरी नको वाटतं.

सुलाचा रस मात्र वाढतच चालला आहे. रोज संध्याकाळी विचारते की पोराचा आवाज कसा होता, आई कशी वागली, घरात भावंडं किती. मी समजावून सांगतो की बचावाला भावंडांचा काही उपयोग नसतो. ती हूं म्हणते आणि खताच्या दुकानातून मिळालेल्या वहीत काहीतरी लिहीत बसते. लोणच्याचं प्रमाण असावं. मी माझी यादी तिला दाखवत नाही. गुप्त म्हणजे गुप्त. तीही वही उशाखाली ठेवते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

फार वाईट दिवस.

सूरजच्या वस्तीवर गेलो. दोन खोल्या, कौलं, बाहेर दहा-बारा मेंढरं. वडील नाहीत, आई तानुबाई एकटी सगळं बघते. ओसरीवर घोंगडं अंथरलं होतं. समोरच्या भिंतीवर ओळीने सात-आठ खिळे आणि खिळ्यांना काहीच नाही. रंग द्यायचा असेल. सुला नेहमीप्रमाणे आत गेली. सूरज नवा शर्ट घालून समोर बसला, कॉलर टोचत असल्यासारखा.

मी सावकाश विषय काढला. पोरगं काय करतं म्हणून विचारलं. तानुबाई चटकन म्हणाली, "पोलीस भरतीचं चाललंय. खेळ कवाच सोडला त्यानं."

मी म्हटलं, गेल्या आठवड्यात तर आष्ट्याला खेळत होता असं कानावर आलं. त्यावर ती म्हणाली की ते शेवटचंच, मित्रांनी ओढून नेलं म्हणून, आता खेळाचं नाव काढत नाही, वाटलं तर त्यालाच विचारा. मी सूरजकडे बघितलं. त्याने मान खाली घातली आणि हो म्हणाला.

दोन मिनिटं बावन्न सेकंद, आणि खेळ सोडला म्हणतो! मला इतका राग आला की पोहे तसेच ठेवून उठलो. तानुबाईचा चेहरा पडला. पडू दे. ज्याला स्वतःलाच खेळायचं नाही त्याचं नाव देऊन मी माझी नजर का बदनाम करून घेऊ? घरी येऊन यादीतल्या सूरजच्या नावावर काट मारली. सुला वाटेत काही सांगत होती, मी ऐकून घेतलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

स्वप्नाली साताऱ्याहून आली. तिथल्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते, दोन आठवड्यांनी एकदा घरी येते. बापाच्या शुद्धलेखनावर तिचा विश्वास नाही, त्यामुळे आल्या आल्या बाटल्यांवर नावं घालायचं ते हिरवं पेन काढून माझे अहवाल तपासायला बसली. मुलगी म्हणजे घरचीच, तिच्यापासून काय लपवायचं.

सूरजच्या पानावर येऊन थांबली. काट का मारली म्हणून विचारलं. खेळ सोडला, मी म्हटलं. "दोन बावन्नवाला असा सोडतो होय, पप्पा?" असं म्हणून तिने त्या आकड्याभोवती हिरवा गोल काढला. मी म्हटलं, तुला यातलं काय कळतंय. तिने दुसरा गोल काढला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज जे झालं ते लिहून ठेवतोय. रागाने की लाजेने, ते सांगता येत नाही.

दुपारी स्वप्नालीचा फोन. तिच्या लॅबमध्ये एक बाई आली. आटपाडीकडून दोन एसट्या बदलून, हिमोग्लोबिन तपासायला. सुई टोचताना दंडाकडे न बघता एकटक हिच्या तोंडाकडे बघत होती. मग म्हणाली, पोरगी गुणाची हाय, नानासो सर आमच्या घरला येऊन गेले, पण पोहे न खाता का उठले ते काय सांगितलं नाही. स्वप्नालीने मला विचारलं, "पप्पा, तुम्ही किती घरांत माझ्यासाठी पोरं बघत फिरताय?"

मी हातातलं घड्याळ खाली ठेवलं. कांदेपोहे. इस्त्रीचे शर्ट. सातबारा. टॉवेल-टोपी. काही अपेक्षा नाही. आपल्याकडे वयस्कर माणूस बायकोला घेऊन परक्या गावात जातो आणि एखाद्या पोराची उंची, व्यसन, झोप गुपचूप विचारतो, तेव्हा त्याचा अर्थ एकच होतो. सात गावांना तो कळला. दोन जिल्ह्यांत मीच एक ठोंब्या राहिलो.

सुलाला विचारलं, तुला माहीत होतं? ती भाकरी थापायची थांबली नाही. "पहिल्या पोह्यापास्नं. तुमचं काम गुप्त व्हतं. माजं बी व्हतं."

मी तिची वही ओढून घेतली. त्यात लोणच्याचं प्रमाण कुठेच नव्हतं. वीरधवलपुढे लिहिलं होतं: "आई बरी, बापाचं तोंड थांबत न्हाई. पोरगं आरशात लय बघतं. आपल्यातलं न्हाई, नाथाजीला वाटतंय सर कुनाचं तरी स्थळ घेऊन आल्यात." आणि चौथ्या पानावर सूरज. ते जसंच्या तसं उतरवून ठेवतो.

"आई म्हनती खेळ सोडला. खोटं. मागच्या अंगनात दोन खांब रोवल्यात. मधली जमीन पळून पळून खाली गेलीया. खांब हातानं गुळगुळीत झालाय. पोराच्या पायाला ताजी माती. बक्षिसाच्या ढाली धान्याच्या कनगीमागं दडवल्यात, एकीचं टोक दिसत व्हतं. आईचा गुडघा दुखतो, ती उठायच्या आदी हा उठतो. खोटं बोलताना मान खाली घालतो, म्हंजी सवय न्हाई. सासू हुशार पर लय खोटारडी. जावई म्हनून नको."

अकरा प्रश्नांतल्या आठांची उत्तरं तिथे होती. मी तासभर त्याच घराच्या ओसरीवर, त्या रिकाम्या खिळ्यांसमोर बसून आलो होतो, आणि भिंतीला रंग देणार असतील असं समजत होतो. या नजरेवर मी एकतीस वर्षं पगार घेतला.

तीन दिवस उरले आहेत.

२४ नोव्हेंबर, सोमवार

काल सुलाच्या भावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती, जाता आलं नाही. आज पहाटेच मोटारसायकल काढली. सुला मागे बसली, वही पिशवीत.

तानुबाईला दारातच खरं सांगितलं. संघ, ड्राफ्ट, उद्या सहाची मुदत, आणि मी मुलीचा बाप म्हणून आलो नव्हतो हेही. तिने आधी सुलाकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हंजी पोरगी न्हाईच?" सुला म्हणाली, "पोरगी हाय, पर ह्ये तिच्यासाठी आलं नव्हतं." तानुबाई उंबऱ्यावर बसली. मला वाटलं आता ती शिव्या देणार.

शिव्या दिल्या नाहीत. कणगीमागून एकेक ढाल काढून माझ्यासमोर ठेवली. आठ निघाल्या. मग बोलली. "तीन पावनी आली आन् गेली, सर. पोरगं काय करतं म्हनली की मी सांगायची, खो-खो खेळतं, लय नाव हाय. चा अर्धा ठेवून उठायची. चवथ्या येळंला ढाली काडल्या आन् पोलीस भरती म्हनाया लागली. त्याला माजी शपथ घातली." आणि मग थेट माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी जलमभर ह्योच खेळ शिकीवला. तुमी देताल का तुमची पोरगी खेळनाऱ्याला?"

मी समोरची एक ढाल उचलून तिच्यावरचं साल वाचत बसलो. इथे खोटं लिहून उपयोग नाही, म्हणून लिहितो. मार्चमध्ये कराडच्या एका कबड्डी प्रशिक्षकाचं स्थळ आलं होतं. मी एकच प्रश्न विचारला होता, नोकरी कायम आहे का? नाही म्हटल्यावर चहा अर्धा ठेवून मीच उठलो होतो. एकतीस वर्षं पोरांना खेळा खेळा म्हणून सांगणारा माणूस मी.

सूरज मेंढरं सोडून आला. आईने शपथ सोडवली, म्हणजे नुसतं म्हणाली, सांग त्यांना काय सांगायचं ते. मी विचारलं, तुला जायचं आहे का? तो म्हणाला, "जायचंय, सर." यावेळी मान वर होती. मग मागच्या अंगणात पळून दाखवलं. एक मेंढरू मध्ये आलं, त्यालाही हुलकावणी दिली. मी घड्याळ लावायचंच विसरलो.

तानुबाईने संमतीच्या कागदावर सही करायच्या आधी तो उलटापालटा करून बघितला आणि पत्रिकेचा रकाना नाही याची खात्री करून घेतली. निघताना तिने पोहे पुढे केले. मी सगळे खाल्ले.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

पाच वाजून चाळीस मिनिटांनी यादी पाठवली. सूरज पहिला. अहवालात सुलाचा मजकूर शुद्ध करून घातला, शेवटची दोन वाक्यं सोडून. वीरधवलचं नाव सातवं. आरशाचा उल्लेख टाळला.

१४ डिसेंबर, रविवार, सूरजची वस्ती

तानुबाईचा निरोप होता की ड्राफ्ट आमच्याकडेच बघा. स्वप्नालीही आली. लॅबमध्ये पाहून गेलेल्या बाईला आता मी बघते, असं म्हणाली.

भिंतीवर आठही ढाली लागल्या होत्या. मोबाइल ज्वारीच्या पोत्याला टेकवून ठेवला होता. पहिल्या फेरीत नाव नाही, दुसऱ्या, तिसऱ्या फेरीतही नाही. पुण्याच्या संघाने तीनदा पाळी असून दुसरीच पोरं उचलली. मी उदयसिंहांना मनातल्या मनात मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. चौथी फेरी सुरू झाली तेव्हा सूरज उठून मेंढरांना पाणी पाजायला गेला. तानुबाईचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. तिचं पोरगं आता राहिलं तर तिच्या त्या एका खोट्यामुळे राहिलं, असं तिला वाटत असणार हे मला दिसत होतं, आणि मी एकदा त्याच्या नावावर काट मारल्यामुळे राहिलं, असं मला वाटत होतं.

पाचव्या फेरीत भुवनेश्वरच्या संघाने सूरजचं नाव घेतलं.

 तानुबाईने विचारलं, हे भुवनेश्वर आटपाडीपासून किती लांब? मी सांगितल्यावर तिने पदर तोंडाला लावला आणि खूप वेळ काढला नाही. माझेही डोळे वाहिले, ते मी लपवलं नाही. सूरज आत आला तेव्हा त्याच्या हातात बादली होती, ती तो खाली ठेवायचीच विसरला.

उदयसिंहांचा फोन आला. आम्ही त्याला सहाव्या फेरीसाठी ठेवला होता म्हणाले, आवाज कडू. वर विचारलं की त्या अहवालातला अंगणातल्या खांबांचा मजकूर कुणाचा? मी सांगितलं. ते म्हणाले, पुढच्या वर्षी त्यांनाच पाठवा.

निघताना तानुबाईने मला दारात गाठलं. "आता सांगा, सर. आता देताल का?"

यावेळी उत्तर होतं. मी म्हटलं, देणारा मी नव्हे, ती विचारायची गोष्ट स्वप्नालीला. पण माझ्याकडून यादीत तुमचं नाव पहिलं. तानुबाईने सुलाकडे बघितलं. सुला म्हणाली, "पोरगं सोन्यासारखं हाय. पर सासू लय खोटं बोलती." दोघी एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून हसत सुटल्या.

स्वप्नाली कुठे दिसेना. मागच्या अंगणात होती, माझं घड्याळ गळ्यात अडकवून. तीन मिनिटं चार सेकंद, म्हणाली. तिलाही आता खेळाची गोडी लागलेली दिसते.

१६ डिसेंबर, मंगळवार, वडूज

स्वप्नाली काल सकाळच्या गाडीने साताऱ्याला गेली. आज सुला दळणाला गेली असताना तिची वही पुन्हा उघडली. आता गुप्त काही राहिलेलं नाही, म्हणून. सूरजच्या पानावर "जावई म्हनून नको" यावर काट मारली आहे आणि खाली हिरव्या शाईत एकच शब्द आहे, "बघू".

सुलाने मत बदललं, चांगलं झालं. अक्षर जरा वेगळं वाटलं, घाईत लिहिलं असेल. तिला हिरवं पेन कुठून मिळालं, ते मात्र विचारायचं राहिलं.